खालच्या कडेची कोर

ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीतून सांडलेल्या पाचटावरून संस्कृतीची स्कूटी घसरली ती बुधवारी सकाळी. दुपारपर्यंत तिचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरात बांधून झाला होता. तिनं दारात पाऊल टाकायच्या आधी झुंबरबाईंनी सुनेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिच्या नवऱ्यानं, करणनं, खुर्ची पुढं सरकवली, आणि सासरे काकासाहेब, एवढा मोठा माणूस, नुसतेच ‘रामकृष्ण हरी, रामकृष्ण हरी’ करत शेडच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत फिरत राहिले. खुर्चीत टेकल्यावर पोरीनं पहिला शब्द काढला तो दुखण्याचा नव्हता.

“मामा, अकरावा राहिला हो.”

अकरावा म्हणजे कोण, हे आधी सांगायला हवं. काकासाहेबांचा शेवगावात गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. कारखाना म्हणायचं एवढंच. पत्र्याची एक लांब शेड, दोन्ही बाजूंना फळ्या आणि मधे रंगाचे डबे. पण काकासाहेबांची आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे आणि दागिन्यांच्या सोनेरी कडा, पार पाथर्डी-नेवाशापर्यंत माहीत. गणेशचतुर्थी झाली की मात्र शेड ओस पडायची ती थेट अक्षय तृतीयेपर्यंत. दोन वर्षांपूर्वी देवळाली प्रवऱ्याची ही पोर सून होऊन आली. चित्रकलेचा डिप्लोमा झालेली. तिनं त्या रिकाम्या महिन्यांत एक वेगळंच काम शोधून काढलं. शहरातली मोठी मोठी माणसं टेबलावर लढायांचे खेळ खेळतात, त्यांना लागतात बोटाच्या दोन पेरांएवढे योद्धे, राक्षस, पंखांचे सर्प. ते येतात कोरे. त्यांना रंगवून द्यायचं.

आत्ताच्या खेपेला होते अकरा राक्षस, अंगभर लोखंडी चिलखत घातलेले. दहा पुरे झाले होते. अकरावा त्यांचा म्होरक्या, खांद्यावर कुऱ्हाड टाकून उभा. त्याचं सगळं अंग रंगवून झालं होतं, डोळेसुद्धा काढून झाले होते. राहिल्या होत्या फक्त चिलखताच्या कडांवरच्या उजेडाच्या रेघा. आणि नगरच्या डॉक्टर कैनात, ज्यांच्या खेळाच्या मंडळाचं हे काम, त्या रविवारी स्वतः न्यायला येणार होत्या. खेप पसंत पडली तर मंडळाचं वर्षभराचं काम तुमच्याकडंच, असा त्यांचा शब्द होता.

ते काम आलं तर करण घरी राहणार होता. नाही आलं तर चाकणच्या कंपनीत नोकरीला जाणार; तिथल्या ठेकेदारानं त्याच्याकडं सोमवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. करण गेला की संस्कृती जाणार. मग घर म्हणजे दोन म्हातारी माणसं आणि फळीवर ओळीनं बसलेल्या बिनडोळ्यांच्या मूर्ती. काकासाहेब हे कुणाजवळ बोलले नव्हते, पण झुंबरबाई त्यांच्या ताटात राहिलेल्या अर्ध्या भाकरीवरून सगळं ओळखून होत्या.

“मी मारतो रेघा,” काकासाहेब खांबापाशी थांबून म्हणाले.

“तुमी?” झुंबरबाईंनी डोळे मोठे केले. “राक्षसाला रंग देनार? आन् मागल्या साली कोन म्हनत हुतं, सूनबाईनं घरात भुतं आनली म्हून?”

“आगं, भूत असू नायतर देव, कोर ती कोर.”

कोर हा त्यांचा शब्द. दागिन्याच्या कडेनं जी केसासारखी रेघ ओढायची तिला ते कोर म्हणत. संस्कृती म्हणायची हायलाइट. दोघं एकाच शेडमध्ये बसून दोन वर्षं दोन नावांनी एकच गोष्ट करत होते आणि कधी एकमेकांच्या टेबलाशी गेले नव्हते.

गुरुवारी सकाळी संस्कृतीनं आपल्या टेबलाशी सासऱ्याला बसवलं आणि डाव्या हातानं एकेक दाखवू लागली. “बघा मामा. एवढ्याशा जिनसेवर खरा उजेड पडून काही उठत नाही. सगळं सपाट दिसतं, पिठाच्या गोळ्यासारखं. म्हणून उजेड आपणच काढायचा. चिलखत गर्द हिरवं आहे ना? आधी कडेनं त्याहून फिकट हिरवी रेघ. तिच्यावर आणखी फिकट, आणखी बारीक. आणि जिथं दोन कडा मिळतात त्या कोपऱ्यावर जवळजवळ पांढरा ठिपका. बस्स.”

“टोकानं?”

“नाही. ब्रशचं टोक कडेवरून घसरतं. पोट लावायचं, आडवं, आणि ओढत न्यायचं.”

“भाकरीची कड इस्तवावर फिरवून शेकतो तसं,” लसूण सोलता सोलता झुंबरबाई म्हणाल्या.

“अगदी तसंच, आत्या!”

“रंग किती पातळ?” काकासाहेबांनी विचारलं.

“ताकाइतका. निवळीइतका नको, पसरतो. आधी नखावर...”

ती पुढं सांगेपर्यंत काकासाहेबांनी रंग भिजवून, डाव्या अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून, ती वाहते की थांबते ते पाहूनसुद्धा झालं होतं. दोघंही हसले. संस्कृतीच्या अंगठ्याच्या नखावर मंगळवारची हिरवी रेघ अजून तशीच होती.

“आन् शब्द न्हाई काढायचा, दम सोडता सोडता रेघ सोडायची. ते मला सांगू नगं,” ते म्हणाले. “जा, पड जरा. गोळीनं डोळं मिटायला लागल्यात तुझं.”

ती गेली. काकासाहेबांनी चष्म्यावर भिंगाचा चष्मा चढवला, दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेला टेकवली, करंगळीला करंगळी भिडवली आणि पहिली कोर ओढली. हात असा स्थिर की वाऱ्याला लाज वाटावी. दुपारी जेवायला उठले नाहीत. चार वाजता त्यांनी राक्षसाला समोर ठेवलं. कोर तान्ह्या लेकराच्या जावळासारखी उतरली होती. सवयीनं त्यांचे हात जोडले गेले, मग कुणाला जोडले ते ध्यानात येऊन ते स्वतःशीच हसले.

संस्कृती उठून आली. तिनं अकराव्याला दहा जणांच्या ओळीत ठेवलं आणि पाहत राहिली.

“फार बारीक आहे मामा. माझ्याच्यानं इतकी बारीक निघत नाही.” आणि मग ती गप्प झाली.

तो अबोला काकासाहेबांच्या ओळखीचा होता. चाळीस वर्षं शिकाऊ पोरांच्या रेघांसमोर उभं राहून ते स्वतः असाच अबोला धरत आले होते. ज्याची रेघ चुकली त्याला शब्दापेक्षा तो जास्त लागायचा.

“बोल,” ते म्हणाले.

“मामा, उजेड कुठून येतोय?”

“कुठनं म्हंजी? खालनं.”

“खालून?”

“समई खालीच असती का न्हाई? देव चौरंगावर, निरांजन खाली. आरती खालनंच ओवाळत्यात.” बोलता बोलता त्यांची नजर त्या दहा जणांवर गेली आणि त्यांचा आवाज आपोआप उतरला.

दहा जणांच्या शिरस्त्राणाच्या माथ्यावर उजेड होता, खांद्यांच्या वरच्या कडेवर होता, कुऱ्हाडींच्या पाठीवर होता. ते दहा जण भर दुपारी माळावर उभे होते. अकराव्याच्या हनुवटीखाली उजेड होता, नाकाच्या खालच्या अंगाला होता, खांद्याच्या पत्र्याच्या खालच्या ओठावर होता. मुकुटाच्या खालच्या कडेला, कंठ्याच्या खालच्या कडेला, पितांबराच्या काठाला सोनं लावायचं, म्हणजे आरतीच्या वेळी देव उजळतो, ही त्यांच्या कारखान्याची रीत. काकासाहेबांनी राक्षसाला गाभाऱ्यात उभा केला होता.

करण मागून डोकावला आणि खो-खो हसला. “आण्णा, ह्याची आरती केली की तुमी!” मग बायकोचा चेहरा पाहून गंभीर होत म्हणाला, “असं करू. ह्याच्या दुसऱ्या हातात खाली एक मशाल चिकटवू. माझ्याकडं तार हाय, दहा मिनटांचं काम. मग खालून उजेड कसा, असं कोन इचारील?”

संस्कृतीनं काकासाहेबांकडं पाहिलं. मनात आणलं असतं तर सुटका होती.

“चुकलो ते चुकलो,” काकासाहेब म्हणाले. “चूक मी करायची आन् मशाल त्यानं धरायची व्हय? दहा जन उन्हात लढत्यात आन् म्होरक्या एकटा मशाल घिऊन हिंडतोय. न्हाई. परत करतो.”

शुक्रवारी त्यांनी गर्द हिरव्याचे दोन पातळ हात देऊन स्वतःच्याच कोरा पुसल्या. पुसताना एकदाही थांबले नाहीत. वाळल्यावर नव्यानं सुरुवात केली. डावा खांदा, वरची कड, बरोबर. छातीचा पत्रा, वरची कड, बरोबर. मग कोरेत जीव रमला, आणि मांडीच्या पत्र्याशी येईपर्यंत ब्रश केव्हा खालच्या कडेला उतरला ते त्यांना कळलंसुद्धा नाही. पुसलं. पुन्हा धरलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला त्यांनी ब्रश पाण्यात ठेवला आणि हात मांडीवर उलटे टाकून बसले.

“हात ऐकत न्हाई,” ते म्हणाले.

झुंबरबाईंनी चहा पुढं केला. “चाळीस सालं त्याला जे शिकवलं ते एका दिसात इसरंल का? हात हाय. मोबाईल हाय का, बटन दाबलं आन् पुसलं!”

संध्याकाळी ते सप्ताहाच्या मांडवात गेले. गावात मार्गशीर्षातला हरिनाम सप्ताह चालू होता आणि सात ते नऊचं कीर्तन त्यांनी आयुष्यात चुकवलं नव्हतं. बुवा गोड गळ्याचे, टाळकरी एकदिलाचे. रोज काकासाहेब धृपदाला सगळ्यांच्या आधी मान डोलवायचे. आज त्यांचं लक्ष बुवांच्या तोंडाकडं होतं. मांडवाच्या वाशाला टांगलेल्या दिव्याचा उजेड बुवांच्या फेट्यावर, कपाळावर, नाकाच्या दांडीवर पडला होता आणि डोळ्यांखाली सावली होती. बुवांच्या पाठीमागं, देवळात, समयांच्या उजेडात देव उभा होता. त्याची हनुवटी उजळली होती, ओठ उजळले होते, आणि मुकुटाखालचं कपाळ अंधारात गेलं होतं. माणसाला वरून उजेड होता आणि देवाला खालून. इतकी वर्षं दोघं एकमेकांमागं उभे होते आणि काकासाहेबांनी हे आजच पाहिलं. डोक्याला कळलं. पण त्यांना पक्कं ठाऊक होतं, हाताला डोकं नसतं.

शनिवारी त्यांनी संस्कृतीला ते सांगितलं. ती बराच वेळ म्होरक्याला चिमटीत धरून फिरवत बसली. मग म्हणाली, “मामा, तुमचा हात खालच्या कडेला जातो ना? मग जाऊ दे की. आपण याला उलटा धरू. डोकं खाली, पाय वर. तुम्हाला जी खालची कड वाटेल, ती याची वरची असेल.”

काकासाहेबांचा चेहरा खुलला आणि पुन्हा मिटला.

“काय झालं?”

“डोळं काढल्यात त्याचं.”

त्यांच्या कारखान्यात डोळे सगळ्यात शेवटी. पहाटे आंघोळ करून, उपाशीपोटी, कुणाशी न बोलता. तोवर ती माती. आडवी धरा, उलटी धरा, कडेला टाका. एकदा डोळे उघडले की मग तिला हात लावायचा तो नमस्कार करून. संस्कृती पेन्सिलीच्या चित्रांतून आलेली. ती डोळे आधी काढून घ्यायची, म्हणजे चुकलं तर बाकीचं वाया जात नाही.

“डोळं उघडल्यालं काय बी असू दे, उलटं धरवत न्हाई मला,” ते खाली पाहत म्हणाले. “हसशील तू.”

मामा, खेळणं आहे हो, असं म्हणायला तिला काहीच लागलं नसतं. दोन मोसम ती या शेडमध्ये रंग कालवत बसली होती आणि काकासाहेबांनी तिला एकदाही मूर्तीच्या डोळ्यांचा ब्रश दिला नव्हता. ‘अजून हात बसू दे’ एवढंच म्हणायचे. ते तोंडावर टाकायलाही आजची वेळ चांगली होती. संस्कृतीनं यातलं काही केलं नाही. तिनं थोडा विचार केला.

“मामा, गणपती घरी नेताना लोक तोंडावर रुमाल टाकतात ना? तेव्हा तो टेम्पोत, गाडीवर, कसाही तिरपा होतो. चालतं?”

“रुमाल हाय म्हनल्यावर चालतं.”

तिनं कागदी चिकटपट्टी काढली, कात्री डाव्या हातात धरली. डाव्या हाताला कात्री येईना. पहिला तुकडा वाकडा गेला, दुसरा टेबलाखाली. झुंबरबाई पुढं झाल्या तर तिनं मानेनंच नको म्हटलं. पाचव्या खेपेला तिळाएवढा तुकडा जमला. चिमट्यानं उचलून तिनं तो राक्षसाच्या डोळ्यांवर बसवला आणि काठीच्या टोकानं दाबला.

“टाकला रुमाल,” ती म्हणाली.

काकासाहेबांनी राक्षसाला नमस्कार केला. मग त्याला पायाकडून बुचाला चिकटवलं होतं ते बूच वर घेऊन, डोकं जमिनीकडं करून धरलं, आणि सूनबाईंकडं न पाहता म्हणाले, “आता बघू, कुठं पळतोय हात.”

हात कुठंच पळाला नाही. त्याला हवं होतं तिथंच तो गेला. दिवस मावळेपर्यंत पहिल्या रेघा झाल्या. त्यांच्यावरच्या बारीक रेघा आणि कोपऱ्यांचे ठिपके रविवारवर ठेवले, कारण एका दिवसात डोळे यापेक्षा जास्त देईनात.

रविवारी सकाळी काल्याचं कीर्तन होतं. सप्ताहाची ती सांगता. सारा गाव मांडवात. काकासाहेब आयुष्यात पहिल्यांदा गेले नाहीत. पण देवळाच्या कळसाला बांधलेल्या भोंग्यातून कीर्तन शेडमध्ये येत होतं. बुवा निरूपण करू लागले की ते ब्रश धुवून घ्यायचे. टाळ-मृदंग उठले, नामाचा गजर सुरू झाला की गजराबरोबर दम भरायचा, आणि टाळकरी ओळ सोडतील तसा दम सोडत कोर ओढायची. आठ-दहा रेघांनंतर त्यांना वाटेना की आपण ओढतोय. गजर ओढत होता. मृदंगाच्या समेवर एकेक ठिपका पडत होता, कुऱ्हाडीच्या टोकावर, शिरस्त्राणाच्या शेंड्यावर, गुडघ्याच्या वाटीवर. मांडवात दहीहंडी फुटली तेव्हा राक्षस पुरा झाला होता. संस्कृतीनं चिमट्यानं त्याच्या डोळ्यांवरची पट्टी काढली. तो सरळ उभा राहिला तो भर दुपारच्या उन्हात, आपल्या दहा माणसांबरोबर.

साडेबाराच्या सुमाराला दारात गाडी थांबली. डॉक्टर कैनात पस्तिशीच्या, डोक्यावरून ओढणी, बोलणं अस्सल नगरचं. संस्कृतीचा हात पाहून “अगं बाई! फोनवर बोलली नाहीस एका शब्दानं!” म्हणाल्या, झुंबरबाईंनी दिलेला काल्याचा प्रसाद खाल्ला, आणि मग पर्समधून दात तपासायचा भिंगांचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

“आई, घाबरू नका, तुमची दाढ नाही काढत,” त्या झुंबरबाईंना म्हणाल्या.

“माज्या राहिल्यात कुठं? काढ म्हनलं तरी सापडायची न्हाई!”

कैनातनी अकराही जण ओळीत मांडले, दिवा जवळ घेतला, एकेकाला बुचासकट फिरवून पाहिलं. अकराव्याला दोनदा पाहिलं. करण दाराच्या चौकटीला टेकून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

“अकरावा कुणी केला?”

संस्कृतीनं तोंड उघडायच्या आत काकासाहेब म्हणाले, “मी. तिचा हात असा, म्हून.”

“काका, असा हात माझ्या दवाखान्यात असता तर लोक हसत हसत दात काढून घ्यायला आले असते.” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “पण एक अडचण केलीत तुम्ही. खरं सांगू? हा नसता तर मी हे दहा जण डोळे झाकून उचलले असते. आता याच्या शेजारी त्यांच्या रेघा जाड दिसतात. एकदा दिसलं ते आता न दिसल्यासारखं कसं करू? आमच्या मंडळातले लोक भिंग घेऊनच बसतात.”

“घ्या!” करण चौकटीपाशीच पुटपुटला. “जरा कमी चांगलं केलं असतं तर काय झालं असतं?” आणि मग मोठ्यानं, “डॉक्टर, ह्या एकाच्या रेघा जाड करून देऊ की. एकाला हात लावायचा का दहांना?”

काकासाहेबांनी अकराव्याकडं पाहिलं. उलटा धरून, डोळे बांधून, काल्याचं कीर्तन सोडून जे केलं त्यानंच घर मोडायची वेळ आणली होती. जाड करतो, असं त्यांच्या ओठावर आलंच होतं.

“नाही,” संस्कृती म्हणाली. “जाड कशाला? दहा बारीक करू.” ती कैनातकडं वळली. “रेघ बारीक ओढता नाही आली तरी नंतर कापता येते. गर्द हिरवा घ्यायचा आणि रेघेची खालची बाजू खात यायची. वरची कड माझीच राहील, जिथं आहे तिथंच. फक्त खालून ती निम्मी होईल.” मग सासऱ्याकडं पाहून ती हळू बोलली, “खालच्या अंगानं, मामा. सरळ धरून. उलटं काही नाही.”

काकासाहेबांनी दहातला पहिला उचलून भिंगाखाली धरला. खरंच की. हात जिथं जायला मागत होता तिथंच आता काम होतं.

“तुमाला थांबाया जमंल?” त्यांनी विचारलं.

कैनातनी घड्याळ पाहिलं. “माझी नमाज व्हायचीये. जागा मिळाली तर थांबते. पण पाचला निघेन, काका. आणि तेव्हा जसे असतील तसे बघून सांगेन. वाईट वाटून घ्यायचं नाही.”

झुंबरबाईंनी आतल्या खोलीत धुतलेली सतरंजी अंथरली, हात-पाय धुवायला पाण्याची बादली दिली आणि पश्चिम कुठली ते स्वतःच बोट करून दाखवलं. शेडमध्ये काकासाहेब बसले. शेजारी संस्कृती. तिनं रेघ बघायची आणि “इथं, एवढी,” म्हणायचं; त्यांनी खायची.

कोर ओढण्यात एक सुख असतं, मागं वळून पाहिलं की ती दिसते. या कामात मागं काहीच दिसत नव्हतं. काकासाहेब जिथं जिथं हात लावत होते तिथं तिथं फक्त गर्द हिरवं उरत होतं, आणि शेजारची संस्कृतीची रेघ उजळून निघत होती. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. विणेकरी उभा असतो. तो निरूपण करत नाही, टाळ्या घेत नाही, त्याच्याकडं कुणी बघतसुद्धा नाही. काकासाहेबांच्या मनात आलं, आपण उभं आयुष्य कीर्तनं ऐकली ती बुवांकडं बघून. त्या माणसाकडं एकदा बघायला हवं होतं. तो कसा उभा राहतो ते. मग पुढचा राक्षस हातात आला आणि तो विचारही बाजूला राहिला.

मधेच संस्कृती म्हणाली, “मामा, ही जरा जास्त खाल्लीत.”

“व्हय गं. चुकलं.” आणि त्यांनी ब्रश तिच्यापुढं धरला. तिनं डाव्या हातात घेतला. त्यांनी राक्षसाला दोन्ही हातांनी घट्ट धरलं, तिनं दम सोडत डाव्या हातानं दीड गव्हाएवढी रेघ परत भरली. जरा थरथरली ती. काकासाहेबांनी लगेच खालून थरथर कापून टाकली.

पाचला दहा मिनिटं कमी असताना दहावा ओळीत गेला. कैनातनी पुन्हा भिंगं चढवली. यावेळी त्यांनी फार वेळ घेतला नाही. मध्येच दोन जणांच्या जागा बदलल्या, म्होरक्याला पुढं उभं केलं, एक पाऊल मागं सरल्या.

“आता एका गावचे वाटतात,” त्या म्हणाल्या आणि स्पंज लावलेला डबा उघडला. “संस्कृती, पुढचे चाळीस जण जानेवारीत पाठवते. वर्षभराचं ठरल्याप्रमाणं. पण हे असं पाहिजे मला. आज इथं जसं झालं तसं.”

गाडी गेली. मग करणनं खिशातून मोबाईल काढला आणि बापाकडं पाहिलं.

“आण्णा, चाकणवाल्याला काय सांगू?”

“मला काय इचारतो?” काकासाहेब ब्रशचं पाणी बदलत होते. “मी हाताखालचा मानूस. मालकिनीला इचार.”

संस्कृतीनं प्लास्टरचा हात उशीवर नीट ठेवला. “सांगा त्यांना, चाळीस जणांना आधी राखाडी अस्तर मारायचंय आणि बायकोच्यानं सहा आठवडे ते होणार नाही. आणि त्यानंतरही तुम्ही मोकळे नाही.”

“आन् पाचट हाय तवर स्कूटी बी तुलाच चालवायचीये म्हनावं,” झुंबरबाई आतून ओरडल्या.

करण फोन कानाला लावत अंगणात गेला. त्याचा आवाज तुटक तुटक येत राहिला. “न्हाई साहेब... न्हाई, पगाराचं न्हाई काही... घरीच काम हाय...”

काकासाहेबांनी ब्रश ओठांत धरून त्याचं टोक जुळवलं, डबीत उभा करून ठेवला आणि टेबल पुसून घेतलं. मग पंचा खांद्यावर टाकून सुनेसमोर येऊन उभे राहिले.

“सूनबाई,” त्यांनी विचारलं, “उद्या किती वाजता बसायचं?”